मतलई वारा आणि सावरीचं फूल

पहिली खूण पायांना मिळते. माघात सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले की फरशी झोंबते, बोटं आपसूक आखडतात. फाल्गुन तोंडावर आला की एक सकाळ अशी येते की पाय टेकतात आणि टेकलेलेच राहतात. मग मी गॅलरीत जाते आणि रेलिंग चाचपते. महिनाभर तळव्याला दव लागत होतं, आज रेलिंग कोरडं आहे आणि त्यावर बारीक धूळ आहे. ओठांवरून जीभ फिरवली तर तेही कोरडे. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा आणि वसंतपंचमी माघातली. आमच्या नेरुळात तो या दोन्हींच्या मधे, असा पायांखालून येतो.

मला दिसत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा नावाचा आनुवंशिक आजार आहे. शाळेत असताना रातांधळेपणाने सुरुवात झाली, मग नजरेच्या कडा आत येत गेल्या आणि शेवटी उजेडही गेला. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त आहे आणि थोरल्या बहिणीबरोबर राहते. ती मला पेपर वाचून दाखवते, मी तिला पक्षी सांगते. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी अडखळणार नाही. मला लिहायचंय ते फाल्गुनातल्या पहाटेबद्दल, जी मला वर्षातली सगळ्यात भरगच्च वेळ वाटते. ताई म्हणते, या दिवसांत बाहेर बघण्यासारखं काही नसतं. झाडं खराटा झालेली, टेकडीवरचं गवत पिवळं, रस्त्यावर पाचोळा आणि धूळ. तिचं म्हणणं खरं असणार. डोळ्यांपर्यंत वसंत पोचायला अजून अवकाश असतो. कानांपर्यंत आणि नाकापर्यंत तो कधीच आलेला असतो.

पहाटे पाचच्या सुमारास हार्बरची लोकल नेरुळ स्टेशनात शिरते ती मला घरात बसून ऐकू येते. ब्रेकचा लांबलेला आवाज, मग क्षणभर काही नाही, मग सुटताना मोटरीचा चढत जाणारा सूर. स्टेशन काही आमच्या दारात नाही. दुपारी तीच गाडी मला ऐकू येत नाही. दुपारी गोंगाट असतो हे एक कारण, पण तेवढंच नाही. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्या लगतची हवा गार होते आणि वर उबदार थर राहतो. उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि लांबवर पोचतो. दुपारी उलट होतं. जमीन तापलेली असते आणि तिच्यावरून आवाज वर निसटून जातो. माघ-फाल्गुनातल्या कोरड्या रात्री या कामाला उत्तम.

माझ्यापुरता याचा अर्थ असा की पहाटे माझं गाव मोठं होतं. गावठाणातला कोंबडा, देवळातली घंटा, पामबीच रोडवरून एकटाच भरधाव गेलेला ट्रक, टेकडीच्या बाजूचं भुंकणं, हे सगळं माझ्या घेरात येतं. उजाडून तासभर झाला की घेर आवळत जातो. आठ वाजता तो सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबतो, कारण तिथे शाळेच्या बसचा हॉर्न असतो.

या मोठ्या झालेल्या गावात पहिला बोलतो तो दयाळ. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एकाची जागा ठरलेली आहे. हिवाळाभर त्याच्याकडून एक खरखरीत 'चर्र' तेवढा निघत होता. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दिवस वाढल्याचं त्याच्या शरीराला कळतं, विणीचे दिवस जवळ येतात आणि तो गायला लागतो. बारीक, स्वच्छ शीळ, तीन-चार सुरांचा तुकडा, थोडं थांबून त्याच तुकड्याला वेगळं शेपूट. दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजातलंही तो बरंच काही उचलतो. गेल्या वर्षी त्याच्या गाण्यात बुलबुलाची एक लकेर होती, यंदा ती नाही. एवढा लहान जीव काळोखात उठून आपलीच चाल बदलून बदलून बघतो, याचं मला दर फाल्गुनात नव्याने अप्रूप वाटतं.

कोकिळाबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, म्हणून मी थोडंच लिहिते. गातो तो नर. मादीचा आवाज म्हणजे घाईघाईचं 'किक-किक-किक', आणि तो कावळ्याच्या घरट्याच्या आसपास जास्त ऐकू येतो, कारण तिला अंडी तिथे घालायची असतात. फाल्गुनाच्या सुरुवातीला नराची कुहू पूर्ण चढत नाही. दोन पायऱ्या चढतो आणि सोडून देतो. हे अर्धं सोडलेलं कुहू मला पुढच्या भरगच्च कुहूपेक्षा आवडतं. एप्रिलमध्ये तो दिव्यांच्या उजेडात रात्री दोनलाही ओरडतो, तेव्हा ताई उशी कानावर घेते.

तांबट उशिरा येतो, ऊन पडल्यावर. त्याचं टुक-टुक-टुक एका लयीत मिनिट-मिनिटभर चालतं. चोच बंद ठेवून, गळा फुगवून तो हा आवाज काढतो आणि काढताना मान इकडेतिकडे वळवतो. त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी उजवीकडून. बहुतेक पक्षी मला बोट दाखवून सांगता येतात. तांबट मला अजून सापडलेला नाही.

आमच्या गल्लीत दुतर्फा झाडं आहेत आणि त्यांना पानं आहेत की नाहीत हे मला चालताना कळतं. काठीच्या टोकाचा आवाज भिंतीवर, खांबावर, उभ्या गाडीवर आपटून परत येतो आणि त्यावरून समोर काय आहे याचा अंदाज लागतो. पूर्वी कित्येक अंध माणसांना वाटायचं की ही जाणीव चेहऱ्याच्या कातडीला होते. मलाही ती गालांवरच होते असं वाटतं. १९४४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात तिघा संशोधकांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अंध माणसं आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस माणसं भिंतीकडे चालत जायची आणि भिंत जाणवली की थांबायची. चेहरा झाकला तरी त्यांना भिंत जाणवली. कान बंद केले आणि ती आपटली. म्हणजे काम कानच करतात, श्रेय गालांना जातं.

पावसाळ्यात आमची गल्ली भरलेली असते. पानं आवाज खाऊन टाकतात, काठीचा ठोका बोळात विरून जातो. फाल्गुनात पानगळ झाली की समोरच्या इमारतीची भिंत एकदम जवळ येते, ठोका टणकन परततो आणि रस्ता उघडा पडल्यासारखा वाटतो. पायाखाली पाचोळा चुरचुरतो, डोक्यावर शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळतात. इतका कोरडा आवाज वर्षात पुन्हा नाही. आणि मग चैत्राच्या आगेमागे कोपऱ्यावरचा पिंपळ गप्प होतो. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असल्यामुळे झुळूक नसतानाही तो सळसळत असतो. नवी पालवी आली की थोडे दिवस ही सळसळ बंद पडते, कारण कोवळी पानं मऊ, लोंबती असतात, एकमेकांवर आपटली तरी वाजत नाहीत. ताई खालची फांदी वाकवून देते, मी बोटांत पान धरते. ओलसर, पातळ, जरा चुरगळलेलं आणि कोमट. तिला त्या दिवशी तांबूस रंग दिसतो. पिंपळ गप्प झालाय हे मला दोन दिवस आधीपासून ठाऊक असतं.

वाराही पहाटे वेगळा असतो. रात्रभर जमीन निवते, पाणी तेवढं निवत नाही, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. कोळी लोक याला मतलई म्हणतात. नेरुळात मतलई म्हणजे पूर्वेकडून, पारसिकच्या टेकड्यांकडून येणारा वारा. त्याच्या अंगाला वाळक्या गवताचा वास असतो, कुठे वणवा लागला असेल तर राखेचा, आणि वाटेतल्या सगळ्या अंगणांचा. या वाऱ्यावर मला आंब्याचा मोहर मिळतो. आमच्या मागच्या सोसायटीत दोन रायवळ आंबे आहेत. मोहराचा वास गोड म्हणतात तसा नुसता गोड नाही. त्यात कैरीच्या देठाचा उग्रपणा आहे, थोडी धूळ आहे, थोडं तुपासारखंही काही आहे. झाडाखाली उभं राहिलं तर वरून बारीक कुसळं केसांत पडतात आणि माश्यांची गुणगुण ऐकू येते. आंब्याचं परागीकरण मुख्यतः माश्याच करतात, मधमाश्यांना त्यात फार रस नसतो. तिथे लावलेल्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवला तर चिकट लागतो. मोहरावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि चिकटा खाली गाळतात. स्कूटरचा मालक वैतागतो. मला मात्र त्या चिकट सीटवरून कळतं की यंदा मोहर भरपूर आहे.

आता सावर.

गावठाणाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक जुनी काटेसावर आहे. खोडाला हात लावायचा तर बेतानेच. बोथट, शंकूच्या आकाराचे काटे बुंध्यापासून वर गेलेले आहेत, म्हाताऱ्या भागात झिजून गेलेले, वर टोकदार. हिवाळा सरताना या झाडावर एकही पान राहत नाही आणि तेव्हाच ते फुलतं. ताई सांगते की लाल फुलं आहेत, मोठी आहेत, बाकी झाड बोडकं आहे. मला दिसायचं तेव्हा मी आजोळच्या वाटेवर सावर फुललेली पाहिली आहे. तो लाल आठवतो, पण आता पुसट झालाय आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण त्या जागी दुसरं पुष्कळ आलं.

सावर पहाटे आधी ऐकू येते. फुलांच्या पेल्यात मध साचलेला असतो आणि उजाडायच्या आत त्यावर झुंबड उडते. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिवाय पळसमैनांचा थवा. या मैना थंडीत इकडे येतात आणि एप्रिलच्या आसपास परत उत्तरेला जातात. त्या एकाच वेळी सगळ्या बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. थव्याने एकदम उडाल्या की पंखांचा फर्रकन आवाज डोक्यावरून जातो आणि गालाला वारा लागतो. त्यांच्या धक्क्याने फुलं गळतात. 'थप्प.' इतर फुलं पडताना आवाज होत नाही. सावरीचं फूल पडलं की ऐकणाऱ्याचं डोकं वळतं. मी झाडाखाली उभी असताना एक खांद्यावर पडलं, कुणीतरी हाक मारण्यासाठी हात ठेवावा इतकं त्याला वजन होतं.

ते उचलून हातात धरते. तळाशी जाड वाटी, बाहेरून गुळगुळीत चामड्यासारखी. तिच्या आत बोट घातलं तर रेशमी लव लागते. पाच पाकळ्या, मांसल, बाहेरच्या अंगाने मखमली, कडेला मागे वळलेल्या. रात्रीचा गारवा त्यांच्यात धरलेला असतो, हवेपेक्षा फूल थंड लागतं. मधोमध पुंकेसरांचे झुबके, त्यातून बोट फिरवलं की पराग बोटाला पिठासारखा बसतो. तळाशी मधाचा ओलावा असतो, बोटं एकमेकांना चिकटतात. वास जवळजवळ नाहीच, अगदी नाकाशी नेलं तर चिरलेल्या कच्च्या भाजीचा येतो. लोक या फुलाला लांबून बघतात, फोटो काढतात आणि जातात. ते पेलून बघायचं फूल आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. भाचीची मुलं सुट्टीत आली की मी त्यांना डोळे मिटून ते धरायला लावते. धाकट्याने विचारलं होतं, "मावशीआजी, हे खायचं असतं का?" विचारण्यासारखंच आहे. सावरीच्या फुलांच्या त्या जाड वाट्यांची कित्येक ठिकाणी भाजी करतात.

सावर मागे टाकून पामबीच रोड ओलांडला की खाडी. ओलांडताना मी ताईचा हात धरते, त्या रस्त्यावर कानांचा भरवसा धरत नाही. पलीकडे सारसोळ्याची जेट्टी. मतलई वारा पाठीवर असतो, खाडीचा वास घरी येऊ देत नाही, म्हणून तो अचानक लागतो. चिखलाचा, मिठाचा, कुजलेल्या अंड्यांसारखा. तिवरांच्या मुळांशी चिखलात हवा शिरत नाही, तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू असतात, त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा तो वास आहे. लोक नाकाला रुमाल लावतात. मला तो नको वाटत नाही, त्याच्यावरून मला तिथी कळते.

कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला आणि अवसेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, आणि त्याच्या सहा तास आधी, पहाटे, ओहोटी. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो तो धरायचा. त्यामुळे पुनवेच्या पहाटे चिखल लांबवर उघडा असतो आणि वास उग्र असतो. चिखलात बारीक बुडबुडे फुटत असतात, एखादी निवटी, चिखलात राहणारी छोटी मासळी, टपकन उडी मारते. दशमीला हिशेब साडेसातचा. म्हणजे पहाटे पाणी चढत असतं, वास मंद झालेला असतो आणि जेट्टीच्या दगडांवर पाण्याचे चापट्या मारल्यासारखे आवाज येतात. जाळी आवरणाऱ्या एक मावशी मला आता ओळखतात. "आज पानी वर हाय गो बाय," त्या म्हणतात. मी म्हणते, "आज दशमी ना, मावशी." त्या हसतात आणि टोपली सरकवून मला बसायला जागा करून देतात.

पाणी चढायला लागलं की फ्लेमिंगो. ठाणे खाडीच्या पश्चिम किनाऱ्याचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. लोक लांबून त्यांना बघायला येतात. गुलाबी रंगाची मोठी नवलाई. मला त्यांचं बोलणं आवडतं. ओहोटीला ते चिखलात माना खाली घालून शेवाळ गाळून खात असतात, तेव्हा लांबून एक सलग कुजबूज येते, मधून मधून हंसासारखी भसाडी हाक. चिखल बुडायला लागला की थवे उठतात आणि नेरुळच्या आतल्या पाणथळींकडे सरकतात. डोक्यावरून जाताना हाका सुट्या सुट्या ऐकू येतात, पुढून एक, मागून तिला उत्तर. इतक्या उंच पायांचा पक्षी उडताना एवढं बोलतो, हे मी डोळस असते तर माझ्या लक्षात आलं असतं का, कोण जाणे. ताई तोवर "बघ, बघ" म्हणत असते. सवयीने म्हणते आणि मीही सवयीने वर तोंड करते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात सारखी येते, ती सांगते. गावठाणाच्या वळणावर एक शिरीष होता. रस्त्याच्या कामात तो तोडला. ज्यांनी तोडला त्यांनी बदली रोपं लावली असतील, मला शंका घ्यायची नाही. पण डोळ्यांनी चालणाऱ्याला एक झाड गेलं, मला एक कोपरा गेला. त्या शेंगांच्या खुळखुळण्यावर मी डावीकडे वळत होते. ग्रीष्माच्या तोंडावर त्याच्या फुलांचा वास संध्याकाळी रस्ताभर असायचा, तोही गेला. नवं झाड वाजायला लागायला पुष्कळ वर्षं जातील. पाणथळींचंही तसंच आहे. भराव घातला की नकाशावरचा एक निळा ठिपका जातो, आणि पहाटे आमच्या छपरांवरून जाणाऱ्या हाका कुठे उतरणार हा प्रश्न उरतो. शहरात झाड ठेवायचं की नाही हे ठरवताना माणसं सावली मोजतात, रस्त्याची रुंदी मोजतात. त्या झाडाचा आवाज कुणाला लागतो हेही एकदा विचारावं. विचारलं तर आमच्यासारखे पुष्कळ निघतील, त्यात डोळस माणसंही असतील.

साडेसातपर्यंत आम्ही परततो. सूर्य आता बराच वर असतो. माघात गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहिलं तरच चेहऱ्यावर ऊन यायचं. सूर्योदय रोज थोडा उत्तरेकडे सरकतो, तसं ऊन रेलिंगवरून डावीकडे येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस आणि रात्र सारखी होतात तेव्हा, ते बरोबर माझ्या खुर्चीवर असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मार्च संपताना साडेसहाच्या. ताई घड्याळ बघून सांगते, मी खुर्ची सरकवत नाही आणि ऊन येण्याची वाट बघते.

उन्हं तापली की दहा-अकराच्या पुढे मतलई पडतो, हवा थोडा वेळ कोंडते, आणि मग पश्चिमेकडून खारा वारा सुटतो. खाडी त्याच्याबरोबर घरात येते, चिखल, मीठ सगळं घेऊन, आणि ताई उठून खिडक्या लावते. परवा दशमी आहे. मावशींनी निवट्या काढून ठेवते म्हणून सांगितलंय. ताईला त्या साफ करायला आवडत नाहीत, मी करेन.